माहितीचा थांबा

प्रस्तुत लेखकाला दम लागत नाही. त्याला माहिती आठवते. वासोटा किल्ल्याच्या चढावर हा फरक त्याच्या बायकोच्या लवकरच लक्षात आला.

वासोट्यासाठी लेखकाने घोट्यापर्यंतचे नवे बूट, घडीची काठी आणि जिथेतिथे खिसे असलेली पँट घेतली होती. बायको रोजच्या फिरायच्या बुटांत आली. बामणोलीहून लाँचने कोयना धरणाच्या पाण्यापलीकडे उतरल्यावर वनखात्याच्या चौकीवर प्लॅस्टिकची मोजदाद झाली. तिच्या पिशवीत एक बाटली निघाली. लेखकाच्या सॅकमधून एनर्जी बार इतके निघाले की चौकीवरच्या माणसाने काळजीने विचारलं, "वर मुक्कामाला बंदी आहे, माहीत आहे ना?"

मार्चचं रान. कुसुंबाला लाल पालवी, अंजनीच्या फांद्या निळ्या. बायको एका फांदीशी वाकली. फुलं थेट काष्ठातून फुटली होती, त्यांच्यावर मधमाश्यांची झुंबड. "बघ तरी," ती म्हणाली. लेखक झाडाला टेकून सांगत होता, की २०१० मध्ये हे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आणि किल्ल्याचं दुसरं नावही व्याघ्रगड आहे.

पुढच्या वळणावर त्याला ताई तेलीण आठवली, पेशव्यांच्या बापू गोखल्यांशी हा किल्ला झुंजवणारी. त्यापुढच्या वळणावर १८१८: इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या. त्या तोफा वर कशा नेल्या असतील, हा विचार करायला त्याला खाली बसावं लागलं.

सगळ्यांत उभा चढ मात्र लेक टॅपिंगच्या वाट्याला आला.

कोयनेचं पाणी, लेखकाने सांगायला घेतलं, विजेसाठी डोंगराखालून कोकणात उतरवतात. आता भरल्या धरणाला खालून नवं तोंड पाडायचं कसं? तलाव तर रिकामा करता येत नाही. मग बोगदा खोदत तळाखाली यायचं, शेवटचा खडक तेवढा राखायचा आणि तो सुरुंगाने उडवायचा. पाणी आपोआप बोगद्यात! १३ मार्च १९९९ ला हे झालं, २५ एप्रिल २०१२ ला पुन्हा. लेखकाने काठीने मातीत बोगदा काढला, शेवटचा खडक म्हणून एक दगड ठेवला आणि बुटाने उडवला. मागून येणारा कॉलेजचा एक पोरगा थबकला. "काका, इलेक्ट्रॉल देऊ का?"

बायको हसत हसत खालीच बसली. "तुझं ज्ञान सगळं चढावरच कसं रे असतं? सपाटीला तर तू गप्प असतोस."

वर पोचल्यावर बाबूकडा पाहिला, डबा खाल्ला, खाली उतरून चौकीवर सगळी वेष्टनं मोजून दिली आणि परतीची लाँच धरली. इथे दम लागायचा प्रश्न नव्हता, त्यामुळे लेखक गप्प होता. बायकोने लाँचवाल्याला विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

त्याने सुकाणू न सोडता हनुवटीने मागे दाखवलं. "आत्ता वरनंच आलो न्हवं आपण. आज्याची भातखाचरं हितंच, खाली. चुलते तिकडं ठाण्याच्या बाजूला गेले. आम्ही वर सरकलो."

मागे नुसतं पाणी होतं, आणि पंख्याने कापलेली फेसाची रेघ.

धरण होऊन साठ वर्षं उलटली, तरी कोयनेच्या काही विस्थापितांचं पुनर्वसन अजून पुरं झालेलं नाही. खडक नेमक्या क्षणी उडवण्याचं गणित ज्या राज्याला जमलं, त्याला माणसांच्या सातबाऱ्याचं जमू नये, याची लेखकाला चीड आली. हे त्याने एका दमात बोलून टाकलं. बायकोने चमकून पाहिलं. आसपास चढ नव्हता.

"पावसाळा सरला की या ताई," लाँचवाला म्हणाला. "धरान तुडुंब दिसंल."

"तुडुंब म्हणजे एकशेपाच टीएमसी," लेखकाने सुरुवात केली. "आता एक टीएमसी म्हणजे—"

बायकोने शेंगदाण्याची चिक्की मोडली आणि मोठा तुकडा त्याच्या तोंडात घातला.