अपेक्षितकाका

अलिबाग, चौल, मुरूड, श्रीवर्धन, कुठेही जा, गावात एक अपेक्षितकाका असतातच. दिवाळीची सुट्टी संपली की दहावीचं पोर असलेल्या घराच्या ओटीवर ते आपोआप उगवतात. त्या घराशी त्यांचं नातं नसतं, ते गणिताचे मास्तरही नसतात. हयात सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर तीच विद्या त्यांनी बोर्डाच्या जुन्या गणिताच्या पेपरांना लावली.

त्यांची नोंदवही पाहण्यासारखी. प्रत्येक प्रमेयाला एक पान, त्यावर ते कुठल्या मार्चला आलं, किती गुणांना आलं, मग किती वर्षं फिरकलं नाही. "अपोलोनियस बरेच दिवस दिसला नाही. यंदा येणार." आणि गेल्याच वर्षी आला असेल तर? "म्हणजे बोर्डाचा लाडका आहे. यंदाही येणार." या शास्त्रात चुकायची सोयच नाही.

पेपर ठेवलेत लोखंडी ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून; खाऱ्या हवेत कागद चार पावसाळे टिकत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. सुपाऱ्या आडव्या झाल्या, पडवीचे पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले, आणि काका ट्रंकेवर मांडी ठोकून बसलेले. "मी देवघरात एकटी रामरक्षा म्हणतेय नि हे पायथागोरसला धरून बसलेत," हे काकू आल्यागेल्याला अजून सांगतात.

ट्रंकेत २०२१ चीही फाइल आहे. त्या वर्षी करोनामुळे परीक्षाच रद्द झाली, म्हणून आत एक कोरा कागद आणि त्यावर लाल शाईत ‘निरंक’. पोरांना हाच पेपर सगळ्यात आवडतो. एकाने त्याची झेरॉक्सही मागितली होती.

२०१८ ला दहावीचं पुस्तक बदललं, अर्थनियोजनात जीएसटी शिरला, ‘कृती पूर्ण करा’च्या रिकाम्या चौकटी आल्या. ट्रंकेतला बराच माल बाद झाला. काकांनी तो काढला नाही. "अभ्यासक्रम बदलतो हो, पेपर काढणारा माणूस तोच!" वर चिंतामणराव देशमुखांचा दाखला. आपल्या महाडजवळच्या नाते गावचे, १९१२ ला मॅट्रिकला पहिले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. ती शिष्यवृत्ती संस्कृतसाठी होती, हे काकांना कोणी सांगत नाही.

काकांचं हुकमी गणित दीपगृहाचं. नव्या पुस्तकातही ते आहेच: दीपगृहाची उंची ९० मीटर, माथ्यावरून जहाजाकडे पाहताना अवनत कोन ६० अंशांचा, तर जहाज किती दूर? "हे येणार म्हणजे येणार. समोर १८६७ पासून खांदेरीचं दीपगृह उभं आहे, आपल्या पोरांना हे आलंच पाहिजे!" कोळीवाड्यातल्या एका पोराने टॅन ६० घेतला, नव्वदला १.७३ ने भागायच्या भानगडीत न पडता तीस गुणिले १.७३ केलं आणि ५१.९० मीटर उत्तर लिहिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "काका, खांदेरीला एवढ्या जवळ जहाज आणलं तर ते खडकावरच चढेल. बाबा तर होडीपण जपून नेतात." काकांनी वहीत पाहिलं. शेरा मारला: ‘उत्तर बरोबर. जहाजाची काळजी करू नये.’

माझं मत विचाराल तर त्या दिवशी त्या ओटीवर गणित समजलेला तो एकटाच होता. जुना पेपर कामाचा असतो, पण घड्याळ लावून सोडवला तर. भाग एक आणि भाग दोन, प्रत्येकी ४० गुण, दोन तास. एकदा बसून पाहिलं की पोराला आपसूक कळतं की पाचवा प्रश्न फक्त ३ गुणांचा असून वेळ चौथ्याच्या वर खातो. त्याच्यामागे लागून चौथ्यातले ८ गुण घालवायचे नसतात. शेवटी बोर्डाने २०२३ पासून दिलेली जादा दहा मिनिटं कुठे खर्चायची, तेही कळतं. काकांच्या ओटीवर मात्र पेपर हातात घेऊन जो तो काय येणार एवढंच बोलतो, पत्रिका जुळवायला बसल्यासारखं. पेन्सिल कोणी उचलत नाही. काकांनी स्वतः त्यातला एकही पेपर पुरा सोडवल्याचं ऐकिवात नाही.

तरी काका निकालाला हजर असतात. पोर पास झालं तर "सांगितलं होतं ना?" आणि गचकलं तर "पुरवणी परीक्षेचा पेपर वेगळा असतो, त्याची फाइल आहे माझ्याकडे." पेढा दोन्ही वेळा खातात, दुसऱ्या वेळी शेजारच्या घरचा.

तर वाचकहो, तुमच्या माळ्यावर जुना बीजगणिताचा पेपर सापडला तर रद्दीत घालू नका, काकांना कळवा. ते एसटीने येऊन घेऊन जातील. फक्त तो सोडवलेला नसावा. त्यांना कोरा लागतो.