पारशिवनीहून अंधेरीस: एका शिव्यासंग्रहाचा प्रवास

फुटबॉलच्या व्यवहारात 'उदयोन्मुख राष्ट्र' ही मोठी सोयीची संज्ञा असून, जे राष्ट्र विश्वचषकाला पात्र ठरत नाही, पण कधीतरी ठरेल ही आशा सोडायलाही तयार नाही, त्याला ती सन्मानपूर्वक लावली जाते. भारताच्या बाबतीत मात्र तिचा अर्थ लावताना पंचाईत होते. कारण १९५१ आणि १९६२ अशा दोन आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकलेला आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केल्यावर, चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलेला हा संघ पुढे अर्धशतकाहून अधिक काळ उदयोन्मुखच राहिला. सूर्य उगवला, हातभर वर आला आणि काहीतरी विसरले म्हणून पुन्हा घरात गेला, असा हा प्रकार आहे. १ ते १० जून २०१८ या काळात भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चिनी तैपेई या चार संघांची 'इंटरकॉन्टिनेंटल कप' ही स्पर्धा मुंबईत भरली, तीही नेमकी अंधेरीत; उदयोन्मुखांना याहून समर्पक स्थळ सापडणे कठीण होते. (चिनी तैपेई म्हणजे तैवान, चीनच्या आक्षेपामुळे त्याला मैदानावर या नावाने उतरावे लागते, जसे एखाद्या पोराचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव गल्लीत कोणालाच ठाऊक नसते.) रशियातील विश्वचषक १४ जूनला सुरू होणार होता आणि या चौघांपैकी एकालाही तेथे जायचे नव्हते, तेव्हा लग्नाचे आमंत्रण नसलेल्या चार घरांनी लग्नाच्या चार दिवस आधीच आपली पंगत उठवून घ्यावी, तसा १० जूनचा अंतिम सामना ठरला होता.

या सामन्याच्या प्रवासवर्णनासाठी नमुना म्हणून पारशिवनीचे एक मामा आणि त्यांचा भाचा घेतले आहेत. 'नमुना' या शब्दाचे मराठीत जे दोन अर्थ होतात, ते दोन्ही येथे अभिप्रेत आहेत. पारशिवनी हे नागपूर जिल्ह्यातील पेंच नदीच्या परिसरातले तालुक्याचे गाव असून, नागपूर शहर जे पाणी पिते त्याचा मोठा वाटा याच तालुक्यातील नवेगाव खैरीच्या धरणातून जातो, ही गोष्ट पारशिवनीकर नागपूरच्या पाहुण्याला पाण्याचा पेला हाती देतानाच सांगून टाकतो. तालुक्याच्या दक्षिण टोकाला कोळसा खाणींचे कन्हान आहे आणि त्याच नावाची नदी ओलांडली की कामठी लागते. तेथील इंग्रजी छावणी १८२१ ची. तिच्याबरोबर आलेला फुटबॉल छावणीपेक्षा गावाच्याच अंगी अधिक लागला, असे मानले जाते, आणि रब्बानी क्लबसारखी नावे नागपूरच्या लीगमध्ये आजही आदराने घेतली जातात. मामांचे फुटबॉलशिक्षण कामठीच्या मैदानांच्या कडेला उभे राहून झाले होते, म्हणजे खेळण्याचे नव्हे तर ओरडण्याचे, आणि या दुसऱ्या विद्येत त्यांनी जे प्रावीण्य मिळवले होते तेच त्यांच्या प्रवासाचे कारण ठरले.

झाले असे की, १ जूनला भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने त्यांतले तीन गोल केले, आणि हा पराक्रम पाहायला मैदानावर अवघे २,५६९ प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसृत करून लोकांना हात जोडले; तिचा आशय असा की, ज्यांचा या संघावर विश्वास उरलेला नाही त्यांनीही यावे, इंटरनेटवर टीका करण्यात काय मजा, मैदानात या, तोंडावर ओरडा, शिव्या द्या, पण या. देशभर या आवाहनाने लोक गहिवरले आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची, म्हणजे छेत्रीच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याची, तिकिटे संपली. पारशिवनीत मात्र या आवाहनाचा अर्थ शब्दशः घेतला गेला. भारतीय संघाच्या कर्णधाराने जाहीरपणे, कॅमेऱ्यासमोर, शिव्यांचे निमंत्रण दिले आहे आणि ते न स्वीकारणे हा त्याचा अपमान होईल, असे मामांचे मत पडले. त्यांचा संग्रह विपुल होता. त्यात वंशावळीशी संबंधित, पशुधनाशी संबंधित आणि शेतीच्या अवजारांशी संबंधित असे तीन ठळक वर्ग पडत असून, तिसऱ्या वर्गातील काही रचना इतक्या स्थानिक होत्या की कन्हानच्या पलीकडे त्यांचा अर्थ लागणे शक्य नव्हते. उदाहरणे देण्याची येथे सोय नाही.

प्रवासाचा मुहूर्त ९ जूनचा धरला, आणि ८ जूनपासून वेतनवाढीच्या प्रश्नावर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तेव्हा नागपूरपर्यंतचे अंतर काळीपिवळीने कापावे लागले. काळीपिवळी म्हणजे टप्प्याटप्प्याने माणसे भरत जाणारी खाजगी जीप. अंधेरीच्या मैदानाला तेव्हा जशी नऊ हजारांच्या आतबाहेरची ठरलेली क्षमता होती तशी या वाहनाला नसते, ते केवळ चालकाच्या श्रद्धेवर चालते. भाचा दोन अनोळखी गुडघ्यांच्या मध्ये बसला आणि मामांच्या मांडीवर त्यांची पिशवी, पिशवीवर एका आजीचे गाठोडे आणि गाठोड्यावर त्या आजीचा नातू अशी रचना झाली. पिशवीत सांबारवडीचा डबा होता.

विदर्भ एक्सप्रेसमध्ये जागा मिळाल्यावर आणि शेगावला कचोऱ्या घेतल्यावर भाच्याने स्पर्धेचा गुणतक्ता काढला. साखळीत, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायच्या टप्प्यात, भारताने केनियाला हरवले होते, केनियाने न्यूझीलंडला आणि न्यूझीलंडने भारताला; तैपेईला तर तिघांनीही. त्यामुळे तिघांचे गुण सहा-सहा झाले, तरी अंतिम सामना भारत आणि केनिया यांच्यातच होता.

"मामा, तिघं सारख्याच मार्काचे, मंग न्यूझीलंडलेच काऊन घरी पाठवलं?"

"मारले किती अन् खाल्ले किती, याचा हिशोब असते बाबू. मारले ते जमा, खाल्ले ते नावे."

गोलफरक या संकल्पनेची याहून नेटकी व्याख्या क्रीडाविषयक ग्रंथांतही क्वचितच सापडेल. भारताचे नऊ जमा, दोन नावे, शिल्लक सात. केनियाचे सहा जमा, चार नावे, शिल्लक दोन. आणि न्यूझीलंडचे चार जमा, तीन नावे, शिल्लक एक. केनियाने ८ जूनला तैपेईवर चारऐवजी दोनच गोल चढवले असते तर हा हिशोब उलटला असता. शिल्लकेतल्या एका गोलाने एक अख्खे राष्ट्र घरी गेले, हे कळल्यावर भाच्याने उरलेली कचोरी मामांना दिली. मामांनी ती नावे घातली.

मोसमी पाऊस मुंबईत ९ जूनलाच दाखल झाला होता, त्यामुळे १० जूनच्या सकाळी दादरला उतरलेल्या या दोघांचे स्वागत ओल्या फलाटाने केले. दादरहून पश्चिम रेल्वेची लोकल, अंधेरीहून मेट्रोने आझाद नगर, आणि तेथून पायी शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, असा मार्ग होता. लोकलमध्ये शिरताना काळीपिवळीचा अनुभव कामी आला. मुंबईकर गर्दीत शिरताना खांदा आधी घालतो, तर पारशिवनीकर पिशवी आधी घालतो आणि तिच्या मागोमाग जातो. दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत.

प्रवेशद्वारावर पिशवीची तपासणी झाली तेव्हा एक भाषिक पेच उभा राहिला. विदर्भात कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात, आणि ती बेसनाच्या पारीत गुंडाळून तळली की तिची सांबारवडी होते. सुरक्षारक्षकाला हे ठाऊक नसल्याने त्याने डब्याचे झाकण उघडून आत इडलीबरोबरचे सांबार कोठे आहे, याचा कसून शोध घेतला. पातळ पदार्थ आत नेता येत नाही, हा त्याचा नियम होता.

"अहो, हे पातळ नाही जी, हे सांबार हाये!" मामांनी समजावले, आणि त्यामुळे संशय अधिकच बळावला. अखेर एक वडी त्याला खायला दिल्यावर प्रकरण मिटले, पण डबा आत नेता येणार नाही हे कायम राहिल्याने उरलेल्या वड्या फाटकाबाहेरच उभ्याने संपवण्यात आल्या. म्हणजे मामा आत शिरले ते पोट भरून, घसा मोकळा करून आणि केवळ शिव्या घेऊन, कारण त्या कोणत्याही यंत्रात दिसत नाहीत.

मैदान भरले होते. 'ब्लू पिल्ग्रिम्स' नावाचा भारतीय संघाचा चाहतावर्ग निळे सदरे घालून गात होता. पिल्ग्रिम म्हणजे यात्रेकरू, तेव्हा त्यांना निळे वारकरी म्हणायला हरकत नसावी, फक्त येथे विठ्ठलाने आधी हात जोडले आणि मग वारी निघाली. केनियाच्या संघाचे टोपणनाव 'हरांबी स्टार्स' असून, हरांबी हा स्वाहिली शब्द सर्वांनी मिळून ओढण्याच्या रीतीला लावतात, म्हणजे आपल्याकडे गावाने मिळून एकाचे शेत नांगरून देतात त्या इर्जिकीचा तो आफ्रिकी भाऊ. हे कळल्यावर शेतीच्या अवजारांचा वर्ग केनियासाठी वापरायचा नाही, असे मामांनी ठरवले. संग्रह एक तृतीयांशाने घटला.

उरलेला संग्रह भारतासाठी होता आणि तो बाहेर काढण्याची संधी आठव्या मिनिटाला यायला हवी होती. तेव्हा भारताला फ्री किक मिळाली. प्रतिस्पर्ध्याने आगळीक केली की चेंडू एका जागी ठेवून निर्वेधपणे मारण्याची जी मुभा मिळते, ती ही. फ्री किक वाया घालवणे हा भारतीय संघाचा जुना परिपाठ असल्याने मामांनी श्वास भरून घेतला. अनिरुद्ध थापाने चेंडू उंच न मारता जमिनीलगत आत सरकवला, बचावपटू ज्या उंच चेंडूची वाट पाहत होते तो आलाच नाही, आणि छेत्रीने मधून निसटून तो पहिल्याच स्पर्शात जाळ्यात घातला. मामांच्या छातीतला श्वास तसाच राहिला. एकोणतिसाव्या मिनिटाला अनस एडाथोडिकाने मागून लांब चेंडू टाकला, आणि असे लांब चेंडू बहुधा कोणाचेच नसतात म्हणून मामांनी पुन्हा तयारी केली. पण छेत्रीने तो छातीवर घेतला, धावता धावता बचावपटूला अंगावर ठेवून पुढे काढला आणि डाव्या पायाने मारला. २-०. उत्तरार्धात केनियाने जोर लावला, शिव्यांना आशेचा किरण दिसू लागला, पण गुरप्रीतसिंग संधूने गोलजाळ्यासमोरून तोही जाऊ दिला नाही.

स्पर्धेत भारताचे अकरा गोल झाले, त्यांतले आठ छेत्रीचे. या सामन्यानंतर त्याचे एकूण आंतरराष्ट्रीय गोल ६४ झाले आणि तेव्हा खेळत असलेल्या खेळाडूंत तो लिओनेल मेस्सीच्या बरोबरीला आला; पुढे फक्त रोनाल्डो. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडच्या चाहत्यांनी जगाला शिकवलेली 'व्हायकिंग क्लॅप', म्हणजे दोन्ही हात डोक्यावर नेऊन सावकाश लयीत वाजवायची आणि मग वेग वाढवत न्यायची टाळी, त्या काळात भारतीय संघ आणि त्याचे चाहतेही वाजवत असत. ती वाजवायला हात लागतात, तोंडाचा उपयोग केवळ हुंकारापुरता.

परतीच्या प्रवासात मामा गप्प होते. ९ जूनच्या संध्याकाळीच संप मिटलेला असल्याने नागपूरहून एसटी वेळेवर निघाली, बसायला खिडकी मिळाली, चालकही सौम्य निघाला. सारांश, तेथेही काही खर्च होऊ शकले नाही. सव्वाआठशेहून अधिक किलोमीटर रेल्वेने नेलेला आणि तितकेच परत आणलेला तो संग्रह जसाच्या तसा पारशिवनीत उतरला.

१६ जूनला संध्याकाळी साडेसहाला, पारशिवनीच्या एका चहाच्या हॉटेलात, विश्वचषकातील अर्जेंटिना आणि आइसलँड यांचा सामना लागला होता. आइसलँडचे प्रेक्षक टाळी वाजवू लागले तेव्हा भाचा "मामा, आपलीच हाये थे!" असे ओरडला. सामना १-१ असा अडलेला असताना मेस्सीला पेनल्टी मिळाली, म्हणजे समोर केवळ गोलरक्षक ठेवून बारा यार्डांवरून मारण्याची संधी, आणि गोलरक्षकाने ती अडवली. हॉटेलातले निम्मे लोक अर्जेंटिनाचे असल्याने पहिले दोन वर्ग एकाच वेळी सुरू झाले आणि तिसऱ्याचीही सुरुवात होऊ घातली. सर्वांनी अपेक्षेने मामांकडे पाहिले, कारण या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता.

मामांनी बशीतला चहा संपवला. "शिव्या काऊन देता बे? बराबरीत हायेत ना दोघं अजून."

हॉटेलवाल्याने पडद्यावरचे १-१ पाहिले, मान डोलावली आणि दुसऱ्या चहाला पाणी ठेवले.