पावणेतीन-अठरा

भोपाळात पत्ता नंबरात सांगतात. दोन नंबर स्टॉप, पाच नंबर, सहा नंबर, दहा नंबर मार्केट. त्यात तुलसी नगरातले सरकारी क्वार्टर म्हणजे एफ टाईप नाहीतर जी टाईप. त्यामुळे आमचे बापूकाका सत्यनारायणाच्या पूजेतही ‘अडीच-अठरा, पावणेतीन-अठरा’ असं पुटपुटतात, तेव्हा नवख्याला वाटतं, काका कुणाचा तरी पत्ता आठवताहेत. ते त्यांच्या गाडीच्या टायरांचं माप असतं. पुढचा अडीच इंची, मागचा पावणेतीन, रिम अठराची.

गाडी 1988 ची यामाहा आरएक्स 100. हे मॉडेल 1985 च्या अखेरीस आलं आणि 1996 मध्ये बंद झालं. सुरुवातीच्या काही हजार गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून इथे जोडल्या होत्या. आजवर भेटलेल्या प्रत्येक आरएक्सवाल्याची गाडी नेमकी त्यांतलीच निघाली आहे. काकांचीही. सालाचा हिशेब त्यांच्यापुढे मांडायला मी धजलेलो नाही.

तर या गाडीचे टायर गोटा झालेत. नवे घ्यायचे, एवढाच विषय. तो तिसऱ्या वर्षात आहे.

काका टायर घेत नाहीत, बघतात. स्थळ बघावं तसं. कुणाकडे मुंजीला गेले की आधी मांडवाबाहेरच्या मोटरसायकलींसमोर उकिडवे बसतात, खोबणीत नख घालून खोली बघतात आणि मग अक्षता टाकायला आत येतात. काकू एकदा माझ्या आईला म्हणाल्या, “मला बघायला आले तेव्हा पोहे थंड व्हायच्या आत ‘हो’ म्हणाले होते. तेव्हाच जरा नख लावून बघायचं होतं!”

हमीदिया रोडवरच्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदार बिचारा सहज म्हणाला, “बाबूजी, पीछे तीन-अठारह डाल लो, गाड़ी भरी-भरी दिखेगी.” झालं. काकांनी स्टूल ओढलं. रिम अरुंद, त्यावर रुंद टायर चढवला की तो दोन्ही कडांनी आवळला जातो आणि मधे फुगतो. वर चेनकव्हरला घासायची भीती वेगळी. “आणि ओढायला अकराच घोडे आहेत, भाऊ. त्यांना कशाला जड करता?” दुकानदाराने ट्यूबलेस सुचवला. काका हसले. तारांचं चाक, छत्तीस तारा, म्हणजे रिमला छत्तीस भोकं. हवा राहणार कुठे? “ट्यूबलेसचा आणि आमचा छत्तीसचा आकडा.” मग पुढच्या टायरला उभ्या रेघा का (त्याचं काम वळायचं आणि सरळ राहायचं) आणि मागच्याला ठोकळे का (इंजिनाची ओढ त्याने जमिनीला पोचवायची), हे त्यांनी दुकानदाराला समजावलं. तो तीस वर्षं टायर विकत होता. त्याने चहा मागवला, एवढी त्याची माणुसकी.

खरी परीक्षा पुढे होती. टायरच्या कुशीवर एका लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. काका अंगठा ओला करतात, धूळ पुसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि नाक टायरला टेकवून वाचतात. सहा महिन्यांपेक्षा जुना टायर त्यांना चालत नाही. पडून पडून रबर कडक होतं, पावसात दगा देतं. दगा देण्याइतकी गाडी फिरते कुठे, हे विचारू नये. दूध आणि दही धरून रोजचे दोन किलोमीटर.

जून 2024 मध्ये तुलसी नगर आणि शिवाजी नगरातली 29 हजारांच्या घरातली झाडं तोडून मंत्री-आमदारांचे बंगले बांधायचा बेत निघाला, तेव्हा अख्खी वस्ती रस्त्यावर आली. लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या. काकांनीही एक बुंधा धरला होता, पण मान वळलेली, नजर समोरच्या मोटरसायकलींवर. “झाडाचं वय कळायला ते कापावं लागतं,” ते मला हळूच म्हणाले, “टायरचं नुसतं वाचता येतं.” सरकारने बेत मागे घेतला. काका त्या दिवशी दोन नवे नमुने बघून आले.

अखेर त्याच वर्षी दसऱ्याला त्यांनी टायर घेतला! फक्त मागचा, पुढच्याच्या रेघा मनासारख्या मिळाल्या नाहीत. कोड 3624, म्हणजे पाचेक आठवड्यांचं बाळ. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, काका त्यांना जावळ म्हणतात. ते झडू नये म्हणून टायर रिक्षाने आणला. जोडी जुळल्याशिवाय एक बसवायचा नाही, म्हणून काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळून दिवाणाखाली ठेवला.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी तो ओढून बाहेर काढला. जावळ जसंच्या तसं. काका उकिडवे बसले, अंगठा ओला केला, चष्मा वर सरकवला आणि चार आकडे वाचले.

“वर्ष उलटून गेलं याला,” ते म्हणाले. “असा माल घरात घेतला कुणी?”