एडिटला टाकलंय!

‘एडिट’ हे इंग्रजी क्रियापद वयाने तसं लहान. इंग्रजांकडे आधी ‘एडिटर’ आला. हा गृहस्थ दिवसभर करतो तरी काय, या प्रश्नाला उत्तर हवं म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचं शेपूट कापून क्रियापद तयार झालं. म्हणजे पद आधी भरलं, काम मागाहून शोधलं. आपल्याकडच्या कुठल्याही खात्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. पुढे या क्रियापदाला अर्थांचे फाटे फुटत गेले. मजकूर तपासणं, सुधारणं, कापणं, पुस्तक काढणं, वर्तमानपत्र चालवणं, सिनेमाची रिळं जुळवणं. शब्दकोश तिथे थांबतो. जालना जिल्ह्यातल्या आमच्या जाफराबाद तालुक्यात मात्र हा शब्द ना वर्तमानपत्रातून आला, ना सिनेमातून. तो सातबाऱ्यावर बसून आला.

हाताने लिहिलेले सातबारे राज्यभर संगणकात भरले गेले, तेव्हा भरणाऱ्यांनी जे भरलं ते भरलं. कुठे नावाचा काना गेला, कुठे क्षेत्राचा दशांश चिन्हाशी संबंध तुटला, कुठे चार भावांपैकी तिघेच संगणकात चढले. या चुका काढायला ई-फेरफार प्रणालीत ‘एडिट मॉड्यूल’ आलं. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडीवाचन झालं, लोकांनी आपापल्या शेताचं वर्णन कानांनी ऐकलं, हरकती घेतल्या, आणि मग ‘री-एडिट’ आलं. इंग्रजी क्रियापद शिकवण्याची एवढी मोठी मोहीम जिल्हा परिषदेच्या शाळांनाही कधी जमली नाही. चूक केली की ‘एन्ट्री’, ती दुरुस्त केली की ‘एडिट’, दुरुस्तीतली चूक दुरुस्त केली की ‘री-एडिट’. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला. तोवर जी चूक नुसतीच चूक होती, ती त्यानंतर सहीनिशी अधिकृत झाली.

तेव्हापासून गिरणीत दळण टाकावं तसा लोक सातबारा ‘एडिटला टाकतात’. फरक एवढाच, की गिरणीवाला संध्याकाळपर्यंत पीठ देतो.

आता अर्थांकडे येऊ, कारण माणूस बदलला की या क्रियापदाचा अर्थ बदलतो. शेतकऱ्याच्या तोंडी ‘एडिट’ म्हणजे अर्ज. भाऊसाहेबांच्या तोंडी ‘एडिट’ म्हणजे लॉगिन, आणि ते बहुधा बंद असतं. (भाऊसाहेब म्हणजे पूर्वीचे पटवारी, नंतरचे तलाठी आणि २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’. पदनाम एडिट झालं, हाक झाली नाही.) भाऊसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर, पगारपत्रकात कुठेही नाव नसलेला जो ‘झिरो तलाठी’ बसतो, त्याच्या तोंडी या शब्दाला ‘बघू’ असं शेपूट असतं. ‘एडिट होईल, बघू.’ या ‘बघू’चा भाव गावागणिक वेगळा.

तहसीलदारांच्या तोंडी हेच क्रियापद ‘कलम १५५’ होतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं हे कलम लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे. लेखनप्रमाद! काय देखणा शब्द आहे. आपण केली तर चूक, सरकारने केली तर प्रमाद. लिहिताना घसरलेला हात जागेवर आणणं, एवढाच या कलमाचा हेतू. पण लवचिक कलमाला आपल्याकडे गिऱ्हाईक लवकर मिळतं. या कलमाचा आधार घेऊन भलत्याच दुरुस्त्या होऊ लागल्या आणि ते थांबवण्यासाठी शासनालाच परिपत्रकं काढावी लागली. काना-मात्रा सुधारायला ठेवलेल्या रबराने आख्खा माणूस पुसला जाऊ शकतो, हा इंग्रजी कोशात नसलेला अर्थ महाराष्ट्राने त्या भाषेला दिला.

संगणक केंद्रावर कधीही जा, हा संवाद ऐकू येईल.

‘बाबा, आधारवर काय नाव हाये?’

‘किसन.’

‘अन् सातबाऱ्यावर?’

‘तेबी किसनच.’

‘न्हाई ना बाबा. सातबाऱ्यावर किशन हाये. मशीन दोन माणसं धरतंय.’

‘मंग दोघायलाबी पैसे येतेन का?’

‘एकालाबी न्हाई.’

शेतकऱ्याला वर्षाचे सहा हजार केंद्राचे, सहा हजार राज्याचे, मध्ये एक पोटफोड्या ‘ष’चा धाकटा भाऊ आडवा. आता दुरुस्ती कुणाची करायची? किसनरावांना जन्मापासून सगळा गाव किसन म्हणतो. पण सल्ला देणारे सगळे एकाच बाजूचे. ‘सातबाऱ्याला टाइम लागतो बाबा, तुम्ही आधारच बदला.’ मग बाबा आधारवर किशन होतात, त्यामुळे बँकेत अडकतात, पासबुकावर किशन होतात, त्यामुळे रेशनकार्डावर अडकतात. कागद जागचा हलत नाही, माणूस त्याच्या मापाने कापला जातो. नातवाने लग्नपत्रिकेत ‘किसन’ छापलं तर बाबाच हटकतील, ‘माझं नाव बरोबर लिही.’

खरं तर या पिढीला एडिटची सवय लहानपणीच लागली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? आई म्हणाली, ‘पोळ्याच्या आधी, लई पाऊस होता.’ गुरुजींनी लिहिलं, १ जून. मराठवाड्यात १ जूनला जितकी माणसं जन्मली, तितकी जगात कुठल्याही प्रसूतिगृहात जन्मली नसतील. आणि जिल्हा? १९४५ साली जाफराबादेत जन्मलेला माणूस वाडा न सोडता निजामाच्या राज्यातून भारतातल्या हैदराबाद राज्यात गेला, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि त्याचा औरंगाबाद जिल्हाही सुटला. तो जुना जिल्हा २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाला, त्यामुळे दाखल्यावरचं जन्माचं गाव ज्या जिल्ह्यात होतं त्या नावाचा जिल्हाच आता राज्यात नाही. एवढं सगळं होऊनही या माणसाला कुणी विचारलं नाही, ‘बदल मान्य आहे का?’ आणि तो स्वतः नावातला एक वेलांटीचा बदल मागतो, तेव्हा त्याला स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र लागतं.

सातबाऱ्यावर नाव खोडायची जुनी पद्धत फार सभ्य होती. खाडाखोड नाही, नावाला कंस करायचा. ‘मह्या बापाला कंस झाला’ हे वाक्य ऐकून शहरातला पाहुणा सांत्वन करू लागतो, पण तो केवळ वारसाचा फेर असतो. कंसाला खरी आवड मात्र बहिणींची. मथुरेच्या कंसाने बहिणीला तुरुंगात डांबलं. सातबाऱ्यावरचा कंस हक्कसोडपत्रावर सही घेऊन तिला शेताबाहेर काढतो. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. कायदा एडिट झाला. भाऊबीज व्हायची आहे. ओवाळणीत साडी, आणि साडीच्या घडीत कागद.

मृतांचं मात्र उलट. त्यांना शेत सोडवत नाही. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर ते सोयाबीन पेरतातच. म्हणून २०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. सुरुवात आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात झाली आणि एप्रिलपासून ती राज्यभर नेली. मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायची, असा साधा बेत. चांगला आहे, थट्टेतही ते मान्य केलं पाहिजे. पण नाव काय निवडलं! माणूस गेल्यावर त्याच्या कागदाला ‘जिवंत’ करणारं दुसरं खातं मला ठाऊक नाही.

व्हॉट्सॲपवर चुकीचा मेसेज गेला तर तो बदलायला पंधरा मिनिटं मिळतात. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. डिजिटल सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. आकडा तोच आहे, म्हणजे सरकार जगाबरोबर चाललं आहे. नुसतं ‘आठ नंबर आणा’ म्हटलं तर मात्र जपून. जमिनीचं खातं ८अ, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा नमुना ८ आणि मतदार यादीत दुरुस्ती मागायचा अर्जही नमुना ८. तिन्ही आठ घेऊन गेलेल्या माणसाला चौथा कुठे आहे असं विचारलं जातं.

मंत्रालयाचा प्रकार याहून वरचा. तिथे ‘एडिट’ होत नाही, ‘शुद्धिपत्रक’ निघतं. ‘परिच्छेद ३ मधील अमुक ऐवजी तमुक असे वाचावे.’ नीट बघा, मूळ निर्णयातलं अक्षरही हलत नाही. दुरुस्ती वाचणाऱ्याने डोळ्यात करायची. आपण मात्र तहसीलमध्ये जाऊन ‘साहेब, मह्या सातबाऱ्यावरच्या किशनऐवजी किसन असे वाचावे’ म्हणून पाहावं. बाहेर शिपाई आहेच.

या शब्दाचा मराठी पर्याय ‘संपादन’. तो वापरावा असं मराठीच्या मास्तरांचं म्हणणं आहे आणि त्यांचा मान राखून सांगतो, आमच्या भागात तो वापरू नये. जालना–जळगाव रेल्वेमार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाल्यापासून शेजारच्या भोकरदनात ‘संपादन’ म्हटलं की लोक दचकतात आणि गट नंबर विचारतात. संपादकाने केलं तर लेख तोकडा होतो, प्रांताने केलं तर शेत. मानधन आणि मावेजा या दोन्हींसाठी चपला मात्र सारख्याच झिजतात.

पोरांच्या तोंडी हा शब्द पुन्हा वेगळा. स्टेटसला टाकायची दाढीवाली ‘एडिट’, मागे ढोल, पुढे नेत्याची चाल. फ्लेक्सच्या दुकानात ‘जरा एडिट करा’ म्हणजे चेहरा दोन छटा गोरा करा आणि वरच्या ओळीतला एक साहेब काढून दुसरा लावा. २०२२ आणि २०२३ मध्ये दोन पक्ष फुटले तेव्हा या दुकानांत जे संपादन झालं, ते कुठल्या वर्तमानपत्राने केलं नसेल. शुभेच्छुकाचा फोटो तोच, गॉगल तोच, वाढदिवस तोच. वरची मुंडकी फक्त इकडची तिकडे.

आणि ज्या तालुक्यात हे सगळं चालतं त्याचं नाव? एका पाटीवर जाफराबाद, दुसरीवर जाफ्राबाद. गावाशेजारच्या नदीला कुणी केळना म्हणतं, कुणी खेळणा. गुजरातेत याच नावाचं आणखी एक गाव आहे आणि नकाशावर शोधायला गेलं की तेच आधी हजर होतं. नावाजलेली जाफराबादी म्हैसही तिकडचीच. गावाचं नाव दोन प्रकारे लिहिलेलं चालतं, त्यावर कुणी प्रतिज्ञापत्र मागितल्याचं ऐकिवात नाही. किसनरावांनी गावाकडून एवढं तरी शिकायला हवं होतं.

तर वाचकहो, या रविवारी पंधरा रुपये खर्च करा, सातबारा काढा आणि घरात मोठ्याने वाचा, आई आणि बहिणीलाही ऐकू जाईल असा. नाव, क्षेत्र, इतर हक्क, बोजा, सगळं. चूक सापडली तर तोंडी सांगत बसू नका. अर्ज लिहून द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. तालुक्याचं नाव मात्र त्या कचेरीच्या पाटीवर जसं असेल तसंच लिहा.