डॅन्यूबकाठच्या एकांड्या शिलेदाराची आचारसंहिता

एकट्याने सायकल मारायला युरोपात ऱ्हाइन आहे, एल्ब आहे. शिलेदाराने मात्र डॅन्यूबच धरावी. आणि तिच्या सुमारे २,८५० किलोमीटर लांबीपैकी पासाऊ ते व्हिएन्ना हा तीनशेच्या आगेमागचा तुकडाच. "डॅन्यूबच्या काठाने, एकटाच, सायकलवर" हे शब्द घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भारदस्त दिसतात. प्रत्यक्षात एवढ्या अंतरात नदी जेमतेम दीडशे मीटर उतरते, तीही सायकलवाल्याच्याच दिशेने. वाटेचे पुष्कळ भाग जुन्या घोडवाटांवरून जातात. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावा पूर्वी काठावरून घोडे ओढायचे. जिथे ओझे ओढणारा घोडा चालायचा, तिथे चढ कितीसा असणार?

हे ग्रुपवर सांगू नये.

पूर्वेकडेच जावे. वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा असतो. समोरून, म्हणजे व्हिएन्नाकडून येणारे लोक नमस्काराला उत्तर देत नाहीत ते उर्मटपणाने नव्हे. त्यांच्यात तेवढा दम उरलेला नसतो.

सामान हा शिलेदाराचा खरा शत्रू. शिलेदार म्युनिक-फ्रँकफुर्टकडे नोकरीला असतो, वय चाळिशीचे, आणि निघण्याआधी त्याने महिनाभर चोवीस व्हिडिओ पाहून एक्सेलमध्ये यादी केलेली असते. यादीत तीन प्रकारचे टॉर्च असतात. पंक्चरचे सामान दुकानात राहिलेले असते. बॅगा कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लावाव्यात, वजन सारखे वाटावे, जड वस्तू तळाशी. पाठीवर सॅक घेऊ नये. दुपारपर्यंत खांदे बोलू लागतात. गादीची चड्डी घालावी आणि तिच्या आत दुसरी चड्डी घालू नये. शिवण काचते. हा मुद्दा चारचौघांत कोणी सांगत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात नवे लोक तो स्वतः शोधून काढतात. एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामी बॅगा गाडीने पोचवणाऱ्या सेवाही या मार्गावर आहेत. ती घेतल्यास फोटोत सायकल समोरून घ्यावी.

एकटेपणाची काळजी करू नये, तो मिळत नाही. जुलैत इथे अख्खी कुटुंबे असतात, मागच्या गाड्यात झोपलेल्या बाळांसकट. सत्तरीच्या आजीबाई बॅटरीच्या सायकलवरून ‘ग्र्यूस गॉट’ म्हणत पुढे निघून जातात. अशा वेळी थांबून नदीचा फोटो काढावा. दम लागला असता थांबायला याहून सभ्य कारण नाही.

काठावर किलोमीटरचे फलक लागतात. डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून उगमाकडे मोजतात. त्यामुळे पासाऊला आकडा २,२०० च्या वर असतो आणि व्हिएन्नापर्यंत १,९३० च्या आसपास येतो. ‘२१००’च्या फलकाशेजारी उभे राहून फोटो काढावा आणि खाली काहीही लिहू नये. डोंबिवलीच्या मावशी जो अर्थ लावतील तो लावू द्यावा.

श्ल्योगेनला नदी डोंगराला धडकून उलटी वळते. डाव्या तीरावर वाट कड्यापाशी चक्क संपते, सायकलीसह नावेत बसावे लागते. नाव सुटायच्या वेळा आदल्या दिवशी पाहाव्यात. रविवारी ऑस्ट्रियात किराण्याची दुकाने बंद. शनिवारी संध्याकाळीच पाव, चीज, केळी घ्यावीत. चिवडा आणलेल्याने या दिवशी गर्व करण्यास हरकत नाही.

माउटहाउझेनला मार्ग खालून, नदीच्या कडेने जातो. नाझींची छळछावणी वर टेकडीवर आहे. १९३८ ते १९४५ या काळात तिथे आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे १,९०,००० माणसे कोंडली गेली. त्यांतली किमान ९०,००० मेली. दगडाच्या खाणीच्या १८६ पायऱ्या अजून आहेत. टेकडीचा चढ दमवणारा आहे. तरी चढावा, आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नये.

मेल्कच्या मठापुढे वाखाऊचे खोरे सुरू होते. २००० पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि इथे घाई करणाऱ्याला कोणी अडवत नसले तरी अडवायला हवे. दोन्ही काठांना द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा. मारिलेनक्नोडेल मागवावा: अख्खा जर्दाळू पोटात घेतलेला उकडलेला गोळा, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. मोदकाचा दूरचा चुलतभाऊच. दोन खाल्ल्यावर दुपारचे अंतर कमी धरावे. पुढे ड्युर्नश्टाइनच्या गडावर इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत होता. क्रूसेडवरून परतताना वेष पालटून निघाला होता, व्हिएन्नाजवळ ओळखला गेला. करकरीत नव्या सायकलिंगच्या पोशाखात मुरलेला प्रवासी दिसू पाहणाऱ्यांनी हा गड नीट पाहावा.

तुल्नच्या अलीकडे झ्वेन्टेनडॉर्फचा अणुवीज प्रकल्प लागतो. तो बांधून पूर्ण झाला आणि १९७८ च्या जनमतात ५०.५ टक्के लोकांनी नको म्हटले. अणुभट्टी कधी पेटलीच नाही. सगळी जय्यत तयारी करून न निघालेल्यांची संख्या शिलेदारांतही मोठी आहे. त्यांच्या सायकली गॅलरीत उभ्या आहेत, यादी एक्सेलमध्ये आहे.

पासाऊला सायकल भाड्याने मिळते आणि व्हिएन्नात परत करता येते. तेव्हा खरेदीने सुरुवात करू नये. आधी रजेचा अर्ज टाकावा.