काठोकाठ काका

पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, विजेच्या सामानाच्या दुकानांत दिवसभर उभी राहणारी पण काहीच विकत न घेणारी एक जमात आहे. काका त्यातले. पंपाची चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराच्या आधी उत्तर देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. पोहता त्यांना येत नाही; पोहण्याच्या तलावांबद्दल मात्र सगळं ठाऊक.

"जुन्या तलावात पाणी काठाच्या वीतभर खाली," ते सुरू होतात. "भिंतीत एक तोंड, ते म्हणे वरचा कचरा ओढतं. ओढतं ते समोरचा! बाकी तेल, केस, पावडर फिरतंय आपलं गरागरा. घाण असते कुठं? वरच ना? मग पाणी ठेवायचं काठोकाठ, चारी बाजूंनी पन्हळीत सांडू द्यायचं. पन्हळीतून बॅलन्स टँक, तिथून पंप, वाळूचा फिल्टर, क्लोरीन, आणि तळाच्या तोट्यांतून परत तलावात. शिवाय लाट काठावर आपटून उलटी येत नाही, म्हणून शर्यतीलाही हाच तलाव बरा."

एव्हाना गिऱ्हाईक होल्डर घेऊन गेलेलं असतं.

काकांचा खरा मुद्दा पुढंच असतो: हे सगळं नानासाहेब पेशव्यांनी आधीच केलं होतं! कात्रजच्या तलावातून बांधीव नळानं, एकही पंप न लावता, निव्वळ उतारावर शहरातले हौद भरले, हे खरंच आहे. नळातली हवा सोडणाऱ्या उच्छ्वासांचं वर्णन करताना काकांचा गळा दाटून येतो, तेही समजू शकतं. डॉ. विश्राम रामजी घोल्यांनी मुलीच्या स्मरणार्थ बांधलेल्या बाहुलीच्या हौदापाशी लोक हळवे होतात. काका पाणी कुठून येत असेल नि कुठून जात असेल ते वाकून बघतात. पण "हौदातलं पाणी लोक घरी न्यायचे, पोहण्याच्या तलावात तेच तेच फिरतं" असं कुणी म्हणालं, की काका म्हणतात, "तेवढी भर साहेबाची."

मे महिन्यात पुतण्यानं त्यांना बाणेरला स्वतःच्या सोसायटीच्या तलावावर नेलं. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पन्हळीवरच्या जाळीशेजारी बसले. पोरांनी धडाधड उड्या मारल्या, काठावरून पाणी भसाभसा सांडलं. एक आजी कळवळल्या, "अगं बाई, केवढं पाणी वाया!"

"वाया कुठलं, वहिनी? माणूस आत गेला की त्याच्या आकारमानाचं पाणी टाकीत. बाहेर आला की पंप परत भरतो. फक्त टाकी मोठी हवी. लहान असली तर जास्तीचं पाणी गटारात, आणि पोरं बाहेर आली की पन्हळ कोरडी ठणठणीत."

त्यांनी वॉचमनला टाकी कुठंय विचारलं. वॉचमननं चेअरमनच्या फ्लॅटकडे बोट दाखवलं.

"काका, उतरा की आता," पुतण्या म्हणाला. "कमरेएवढंच आहे."

काकांनी पन्हळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

"आधी चेअरमनला विचारून ये, टाकी किती लिटरची."