रूट नंबर शून्य

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये भिंतीत खिळा ठोकतानाही हात जरा थबकतो. क्वार्टर सरकारचं, भिंत सरकारची, आपला फक्त खिळा. नळ गळला की वसाहतीच्या इन्क्वायरी ऑफिसात जायचं, रजिस्टरात तक्रार लिहायची, नंबर घ्यायचा आणि प्लंबर येईपर्यंत बादल्या बदलायच्या. अशा वसाहतीत तीन दशकं काढलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की या एका डब्यावर तुझीच सत्ता, तर त्याचं डोकं फिरणारच. माझं फिरलं.

डबा म्हणजे मुलीने टाकून दिलेला कॉम्प्युटर. नेहरू प्लेसहून जुनी रॅम आणली, डब्यावर उबुंटू सर्व्हर हे लिनक्स चढवलं. खर्च फक्त रॅमचा आणि तिथल्या छोले-कुलच्यांचा. बाकी सगळं फुकट. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लायनस टोरवाल्ड्सने लिहायला घेतला तो छंद म्हणून. आमच्या घरात त्या वयाचे छंद यूपीएससीच्या फॉर्ममध्ये भरण्यापुरतेच असतात.

दिल्लीत रूट म्हणजे बसचा. लिनक्समध्ये रूट म्हणजे सर्वाधिकारी, आणि त्याचा नंबर शून्य. मात्र शहाणी माणसं रोज रूट होऊन बसत नाहीत. गरज पडली तर कमांडच्या आधी ‘सुडो’ लिहितात. हा आपला जुनाच मंत्र: ‘साहेबांनी सांगितलंय.’ तो उच्चारला की कुठलंही दार उघडतं. काही लिनक्समध्ये पहिल्यांदा सुडो वापरलं की यंत्र उपदेशही करतं. दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा, अधिकार मोठा तशी जबाबदारीही मोठी. नोकरीत रुजू झालो तेव्हा मला एवढंही कुणी सांगितलं नव्हतं.

सौभाग्यवतींना वेगळं खातं काढून दिलं, अर्थात अधिकाराविना. तिने सुडो लिहिताच यंत्र उखडलं. तुमचं नाव यादीत नाही, या प्रकाराची माहिती कळवण्यात येईल. कुणाला? रूटला. रूट कोण? मी. “कळवा,” ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

फाइलींचे अधिकार मात्र मला एका दमात कळले. मालक, गट आणि इतर. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. फाइल कुणी बघायची, कुणी शेरा मारायचा आणि कुणाला तिचा वासही लागू द्यायचा नाही, यावर तर आमचा प्रपंच चालला आहे. ‘इतर’ म्हणजे जनता, तिला शून्य. तरीही नवशिक्याची चूक मी केलीच. काही चालेना म्हणून वैतागून सगळ्या फोल्डरला ७७७ देऊन टाकला. मालक, गट, इतर, सगळ्यांना सगळं. लगेच चालायला लागलं. किल्ली अडते म्हणून क्वार्टरचं दारच उखडून ठेवलं की जाणं-येणं सुरळीत होतं, तसं.

फोटोंच्या बॅकअपसाठी ठरल्या वेळी काम करणारा क्रॉन लावला. त्याचं पंचांग खरंच पाच अंगांचं: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मुहूर्त काढला पहाटे दोनचा. बॅकअप सुरू झाला सकाळी साडेसातला, ऐन सांगलीच्या मेहुणीच्या व्हिडिओ कॉलमध्ये. सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालत होतं! भारतीय वेळ लावायला गेलो तर यादीत दिल्ली नाही, मुंबई नाही, ‘एशिया/कोलकाता’ आहे. लावलं. तक्रार कुणाकडे करणार?

ऑफिसात हे कुणाला सांगायची सोय नाही. मुक्त स्रोताच्या सॉफ्टवेअरला सरकारी कामात प्राधान्य द्या, असं केंद्राचं धोरण २०१५ सालचं आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने लिनक्सचा देशी अवतार काढला, त्याचं नावही अगदी सरकारी: ‘बॉस’. माझ्या टेबलावर मात्र विंडोजच आहे. बॉस समोरच्या केबिनमध्ये.

मग हौस वाढली. इंटरनेटवरचा पब्लिक पत्ता घेतला, राउटरमधून सर्व्हरपर्यंत वाट काढून दिली आणि सकाळी लॉग उघडला. रात्रभर जगातून कुणी ना कुणी दार ठोठावत होतं. रूट म्हणून, अ‍ॅडमिन म्हणून, टेस्ट म्हणून. एरवी पाहुण्यांना आमचा सेक्टर सापडायला दोन फोन करावे लागतात. या लोकांना एका रात्रीत पत्ता मिळाला.

घाबरून फायरवॉल चालू केली. तिने विचारलंही, की चालू असलेलं कनेक्शन तुटू शकतं, पुढे जाऊ का? समोर प्रश्न आला की न वाचता ‘मंजूर’, हा तीस वर्षांचा सराव. ‘वाय’ दाबला. त्यानंतर खोलीतला लॅपटॉप आणि माळ्यावरचा सर्व्हर यांची बोलचाल संपली. चोर बाहेर, मालकही बाहेर. सवयीने एकदा वाटलं, इन्क्वायरीत जाऊन यावं. मग आठवलं, इथली इन्क्वायरी मीच, प्लंबरही मीच, आणि पाना आत राहिलाय.

माळ्यावर चढून मॉनिटर जोडायचा, एवढंच काम होतं. पण सर्व्हरला स्क्रीन लागत नाही, हे ज्ञान झाल्याच्या आनंदात मी मॉनिटर शेजारच्या अय्यर कुटुंबातल्या पोराला देऊन टाकला होता. रात्री साडेनऊला त्यांची बेल वाजवली. मलई मंदिराचा प्रसाद हातावर ठेवून पोराने सगळं ऐकून घेतलं, मॉनिटर उचलून घरी आला, आमच्या शिडीवर चढला आणि एका ओळीत काम संपवलं.

“अंकल, बाईस नंबर का पोर्ट तो खोला ही नहीं था.”

दहावीत आहे. खाली उतरून त्याने ७७७ चे फोल्डरही बघितले, पण मोठ्या माणसांना लाज वाटेल असं काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या नावाचं खातं काढलं आणि सुडोच्या यादीत घातलं. सौभाग्यवतींचं नाव अजून त्या यादीत नाही. मॉनिटरही मी अजून परत केलेला नाही.